कविता कळली, आता इंग्रजीत लिहायचं कसं?

उपमा आणि रूपकातला फरक झटकन सांगणारी मुलगी इंग्रजीच्या ‘पोएम अप्रिसिएशन’पाशी आली की ‘द पोएम इज व्हेरी नाइस’ एवढंच लिहून थांबते. दीपनगरच्या वसाहतीत, फेकरीत, भुसावळच्या शिकवणी वर्गांत आणि जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत ही अडचण दरवर्षी नव्यानं समोर येते. पालक विचारतात, कोणते शब्द पाठ करून घ्यायचे? बी.ए.ची मुलं विचारतात, मेटाफर ओळखला, पण पुढे काय लिहायचं? आणि कवितेवर मनापासून प्रेम करणारे काही वाचक विचारतात, आमच्या बहिणाबाईंबद्दल परप्रांतातल्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं तर कोणत्या शब्दांत?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. कविता कळण्यासाठी लागणारं निम्मं सामान मराठीनं तुम्हांला आधीच दिलं आहे. फक्त त्याची इंग्रजी नावं नेमकी हवीत. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात काम करणाऱ्या माणसाला विचारा. ‘मशीन बंद पडलं’ एवढं सांगून भागत नाही. बिघाड बॉयलरचा की टर्बाइनचा, हे कळल्याशिवाय पुढची माणसं हलत नाहीत. कवितेचंही तसंच आहे. ‘छान वाटली’ हा अनुभव खरा असतो, पण ती कशामुळं छान वाटली हे सांगायला नावं लागतात.

पहिली पायरी: चार प्रश्न विचारा

अलंकारांची यादी काढण्याआधी कविता दोनदा मोठ्यानं वाचा आणि हे चार प्रश्न विचारा. प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत एक नेमका शब्द आहे.

- कोण बोलतंय? हा ‘स्पीकर’. कवी आणि स्पीकर एकच असतील असं धरून चालू नका. बारावीच्या ‘युवकभारती’तल्या दिलीप चित्रे यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’ या कवितेत रात्रीच्या गाडीनं घरी परतणाऱ्या वडिलांबद्दल मुलगा बोलतो. उत्तरात ‘द पोएट्स फादर’ न लिहिता ‘द स्पीकर्स फादर’ लिहा. भुसावळ-जळगाव अप-डाउन करणाऱ्यांच्या घरी ही कविता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.
- बोलणाऱ्याचा सूर कसा आहे? हा ‘टोन’.
- वाचताना आपल्या मनात कसलं वातावरण तयार होतं? हा ‘मूड’. टोन बोलणाऱ्याचा असतो आणि मूड वाचणाऱ्याच्या मनात तयार होतो. या दोघांची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.
- सगळं वाचून झाल्यावर कविता कशाबद्दल काय म्हणते? ही ‘थीम’. ‘फादर’ किंवा ‘नेचर’ हा नुसता विषय झाला. ‘शहरातल्या धावपळीत म्हाताऱ्या माणसाला घरातही एकटेपणा येतो’ ही थीम. थीम नेहमी पूर्ण वाक्यात लिहा.

टोनसाठी ‘सॅड’ आणि ‘हॅपी’ हे दोनच शब्द वापरत असाल, तर पुढचे शब्द हळूहळू अंगवळणी पाडा:

- सॉम्बर: गंभीर, मनावर सावट असलेला
- विस्टफुल: हुरहुर लागलेला
- रेव्हरंट: आदरानं नम्र झालेला
- डिफायंट: कुणाला न जुमानणारा
- सार्डॉनिक: कुत्सित, बोचरा
- कन्टेम्प्लेटिव्ह: चिंतनात गेलेला
- एलिजायॅक: गेलेल्या माणसासाठी किंवा गेलेल्या काळासाठी हळहळणारा

दुसरी पायरी: मराठी अलंकारांची इंग्रजी जोडी जपून लावा

काही जोड्या सरळ लागतात. चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपर्बली, श्लेष म्हणजे पन. पण काही ठिकाणी पाय घसरतो.

- सिमिली आणि मेटाफर. खूण दाखवणारा शब्द असेल तर सिमिली, थेट एकरूप केलं असेल तर मेटाफर. दोन्हींची उदाहरणं आपल्या बहिणाबाईंकडेच आहेत. संसाराची तुलना चुलीवरच्या तव्याशी करताना त्यांनी ‘जसा’ वापरला, म्हणून ती सिमिली. मन म्हणजे पिकात शिरलेलं ढोर, असं त्यांनी थेट म्हटलं, म्हणून तो मेटाफर. आपल्या ‘जणू’वाल्या उत्प्रेक्षेसाठी इंग्रजीत वेगळं नाव नाही. ‘ॲज इफ’ असेल तर सिमिलीच लिहा.
- मेटाफर आणि ॲलेगरी. मराठीत दोन्हींना आपण ‘रूपक’ म्हणून जातो. मेटाफर एखाद्या ओळीपुरता असतो. सगळी गोष्टच वरून एक आणि आतून दुसरी असेल, म्हणजे आपल्या रूपककथेसारखी, तर ती ॲलेगरी. एकच तुलना अनेक ओळींतून चालत राहिली तर ‘एक्स्टेंडेड मेटाफर’.
- ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स. मराठीत दोन्ही विरोधाभासात बसतात. ‘बोलकी शांतता’ यात दोन विरोधी शब्द शेजारी बसले, हा ऑक्सिमोरॉन. ‘विद्या दिल्यानं वाढते’ हे वरवर चुकीचं आणि विचारांती खरं ठरणारं विधान, हा पॅराडॉक्स.
- सिनेक्डकी आणि मेटॉनिमी. ‘घरात खाणारी सहा तोंडं’ यात भाग सांगून पूर्ण माणूस सांगितला, ही सिनेक्डकी. ‘मंत्रालयानं आदेश काढला’ यात जवळच्या वस्तूचं नाव घेऊन माणसं सांगितली, ही मेटॉनिमी.
- ट्रान्सफर्ड एपिथेट. ‘पाळी संपवून थकलेली सायकल घरी आली’ असं म्हटलं, तर थकलेला असतो माणूस, पण विशेषण लागलं सायकलीला. मराठी अलंकारांच्या शालेय यादीत याला स्वतंत्र नाव नाही. त्यामुळं मुलं हा पर्सॉनिफिकेशन समजतात.
- ॲपॉस्ट्रफी. समोर नसलेल्या माणसाला किंवा चंद्र, नदी, मृत्यू अशांना उद्देशून बोलणं. ‘हे नदी’ अशी हाक दिसली की हा शब्द आठवा. स्पेलिंगमधल्या वरच्या स्वल्पविरामाचंही नाव हेच आहे, म्हणून गोंधळू नका.
- पथेटिक फॅलसी. निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवणं. हा शब्द जॉन रस्किन यांनी १८५६ मध्ये वापरात आणला. यातलं ‘पथेटिक’ म्हणजे भावनेशी संबंधित, केविलवाणं नव्हे.
- इमेज आणि सिम्बल. इमेज म्हणजे डोळ्यांपुढे, कानात, नाकात किंवा त्वचेवर उभी राहणारी संवेदना. सिम्बल म्हणजे ती वस्तू स्वतःपलीकडचं काही सांगू लागते तेव्हा. सरोजिनी नायडूंच्या ‘इंडियन वीव्हर्स’मध्ये दिवसाच्या तीन वेळा आणि तीन वस्त्रं जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्याकडे बोट दाखवतात, म्हणून ती सिम्बल. धरणगावात जन्मलेल्या बालकवींच्या आठ ओळींच्या ‘औदुंबर’बद्दल तर जाणकार अजून चर्चा करतात, की ते झाड हे निव्वळ चित्र आहे की प्रतीक. अशा ठिकाणी ‘इट कॅन बी रेड ॲज अ सिम्बल ऑफ’ असं नम्रपणे लिहा आणि कारण द्या.

तिसरी पायरी: स्पेलिंगकडे पाहू नका, कान लावा

देवनागरीत जसं लिहितो तसं वाचतो. त्यामुळं आपल्या मुलांना यमक डोळ्यांनी शोधायची सवय असते. इंग्रजीत तिथंच फसगत होते.

- राइम: ‘ब्लू’, ‘शू’, ‘थ्रू’ यांची स्पेलिंगं वेगळी, तरी ते जुळतात. उलट ‘टफ’ आणि ‘दो’ यांच्या शेवटी तीच चार अक्षरं, तरी ते जुळत नाहीत. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ डोळ्यांना जुळतात, कानाला नाही. याला ‘आय राइम’ म्हणतात. अर्धवट जुळणारं ते ‘स्लँट राइम’.
- ॲलिटरेशन: आपल्या अनुप्रासात अक्षर कुठंही पुन्हा आलं तरी चालतं. ॲलिटरेशन मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनाच्या आवाजावर असतं. ‘फोटो’ आणि ‘फायर’ यांत ते आहे. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ एकाच अक्षरानं सुरू होतात, पण त्यांत ते नाही. शब्दाच्या आत किंवा शेवटी व्यंजन परत आलं तर ‘कॉन्सोनन्स’, स्वर परत आला तर ‘ॲसोनन्स’.
- ऑनोमॅटोपिया: सळसळ, टपटप, खडखडाट. मराठीत अशा शब्दांचं भांडार आहे, म्हणून हा शब्द आपल्याला सर्वांत लवकर कळतो.
- मीटर: आपली अक्षरगणवृत्तं लघु-गुरूवर चालतात, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळावर. इंग्रजी मीटर आघातावर चालतं. ‘प्रेझेंट’ म्हणजे भेट, इथं जोर पहिल्या भागावर. ‘प्रिझेंट’ म्हणजे सादर करणं, इथं जोर दुसऱ्यावर. हलका-जड अशी जोडी म्हणजे ‘आयॅम्ब’. ती ओळीत पाच वेळा आली की ‘आयॅम्बिक पेन्टामीटर’.
- फ्री व्हर्स आणि ब्लँक व्हर्स: फ्री व्हर्स म्हणजे मुक्तछंद, त्यात ठरलेलं मीटरही नसतं. ब्लँक व्हर्समध्ये मीटर असतं, फक्त राइम नसतं. व्हिटमन यांच्या ‘साँग ऑफ द ओपन रोड’ला राइम स्कीम शोधत बसू नका. ती फ्री व्हर्स आहे, असं लिहिणं हेच बरोबर उत्तर.
- एन्जॅम्बमेंट आणि सिझ्यूरा: वाक्य ओळ ओलांडून पुढच्या ओळीत सांडलं तर एन्जॅम्बमेंट. ओळीच्या मधोमध विरामचिन्हानं थांबवलं तर सिझ्यूरा.

चौथी पायरी: नाव, पुरावा, परिणाम

गुण जातात ते इथं. ‘द पोएट यूजेस पर्सॉनिफिकेशन’ लिहून पूर्णविराम देऊ नका. अलंकाराचं नाव सांगा, कवितेतला शब्द दाखवा आणि त्यानं काय साधलं ते लिहा. यासाठी आपल्याच वसाहतीवर रचलेलं एक कडवं घेऊ:

रात्रपाळीला चिमणी उभी,
लाल डोळ्यांनी राखण करते;
खाली वसाहत निजली सारी,
कोळशाची गाडी अजून हलते.

आता हे उलगडून पाहू.

- पर्सॉनिफिकेशन: चिमणी ‘उभी’ आहे, तिला ‘डोळे’ आहेत, ती ‘राखण करते’. परिणाम असा की धूर सोडणारी काँक्रीटची वस्तू घरच्या राखणदारासारखी वाटू लागते.
- डिक्शन, म्हणजे शब्दनिवड: ‘रात्रपाळी’ हा कामगारांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तो आल्यामुळं चिमणीही कामगारांपैकीच एक होते.
- जक्स्टापोझिशन, म्हणजे शेजारी ठेवून दाखवलेला विरोध: ‘निजली’ आणि ‘हलते’. एकाची झोप दुसऱ्याच्या जागरणावर उभी आहे, हे न सांगता सांगितलं.
- रचना: चार ओळींचं कडवं, म्हणजे क्वाट्रेन. राइम स्कीम अबकब. ‘करते’ आणि ‘हलते’ मराठी कानाला पुरेसं जुळतं. इंग्रजी निकषानं पाहिलं तर फक्त ‘ते’ जुळतं, म्हणून त्याला स्लँट राइम म्हणणं सुरक्षित.
- टोन आणि मूड: टोन रेव्हरंट, मूड शांत पण सावध.
- पन: ‘चिमणी’ म्हणजे धुरांडं आणि चिमणी म्हणजे पाखरू. झोपेची आठवण देणारा इवलासा पक्षी आणि रात्रभर जागणारं प्रचंड धुरांडं एकाच शब्दात मावलं. हा श्लेष इंग्रजीत उतरत नाही. अशा वेळी ‘द पन वर्क्स ओन्ली इन मराठी’ असं लिहून दोन्ही अर्थ सांगा. ते भाषांतराचं अपयश मानू नका. मूळ भाषा जाणणाऱ्या वाचकालाच देता येणारी ती माहिती आहे.

पाचवी पायरी: क्रियापदं बदला

प्रत्येक वाक्यात ‘सेज’ आणि ‘टेल्स’ आलं की उत्तर सपाट होतं. पुढची क्रियापदं अर्थ समजून वापरा:

- सजेस्ट्स, इम्प्लाइज: सुचवतो, थेट म्हणत नाही
- इव्होक्स: भावना किंवा आठवण जागी करतो
- डिपिक्ट्स: चित्र उभं करतो
- अंडरस्कोर्स: ठसवतो
- एकोज: आधीच्या शब्दाची किंवा कल्पनेची आठवण देतो
- कन्ट्रास्ट्स: विरोध दाखवतो
- लॅमेंट्स: शोक करतो
- सेलिब्रेट्स: गौरवानं गातो

‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांची गल्लत टाळा. कविता इम्प्लाय करते, वाचक इन्फर करतो.

उच्चार सांभाळा

मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत उच्चारावरून आत्मविश्वास दिसतो. शब्द वाचून शिकलेल्यांचे हे उच्चार हमखास चुकतात:

- ‘हायपरबोल’ नाही, हायपर्बली
- ‘सिमाइल’ नाही, सिमिली
- ‘सिनेकडोच’ नाही, सिनेक्डकी
- ‘जेनर’ नाही, जॉन्र, अर्थ: साहित्यप्रकार
- ‘मोटिफ’ म्हणताना जोर दुसऱ्या भागावर, मोटीफ. अर्थ: पुन्हा पुन्हा येणारी प्रतिमा किंवा कल्पना

प्रत्येक शब्द ऑक्सफर्डच्या विद्यार्थी शब्दकोशाच्या मोफत संकेतस्थळावर ऐकता येतो. तिथूनच स्पेलिंग वहीत उतरवून घ्या. मराठी प्रतिशब्दासाठी भाषा संचालनालयाचा साहित्य समीक्षा परिभाषा कोश हाताशी ठेवा.

परीक्षेत काय करायचं आणि तुमचे हक्क कोणते

बारावीच्या इंग्रजीत कवितेच्या रसग्रहणाला ४ गुण असतात. कवी आणि शीर्षक, थीम, भाषाशैली व अलंकार, आणि तुमचं मत किंवा मूल्य अशा मुद्द्यांवर ते विभागलेले असतात. आपल्या वर्षाचा कृतिपत्रिकेचा आराखडा शिक्षकांकडून नक्की पाहून घ्या.

- प्रत्येक मुद्द्यावर लिहा. एकाच मुद्द्यावर पान भरून बाकीचे सोडले तर त्यांचे गुण जातात.
- पाच अलंकारांची नावं देण्यापेक्षा दोन नीट दाखवा.
- जो शब्द समजला नाही तो वापरू नका. चुकीच्या जागी बसलेला ‘सिनेक्डकी’ नुकसान करतो; बरोबर जागी बसलेला ‘रेपिटिशन’ गुण देतो.
- मत मागितलं असेल तर ते तुमचंच लिहा. गाइडपेक्षा वेगळा अर्थ लावायला मनाई नाही. त्याला कवितेतला पुरावा हवा, एवढीच अट.

निकालानंतर शंका असेल तर मार्ग आहेत. जळगाव आणि धुळे जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर पाहिलं जातं, उत्तराचं पुन्हा मूल्यमापन होत नाही. पुन्हा मूल्यमापन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मंडळ जाहीर करेल ती मुदत चुकवू नका आणि छायाप्रत हाती आल्यावर विषयशिक्षकांना दाखवूनच पुढचा निर्णय घ्या.

बहिणाबाईंबद्दल इंग्रजीत बोलताना

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. तेव्हापासून बाहेरची माणसं ‘त्या कोण?’ असं जास्त विचारतात. उत्तर देताना शब्द जपून वापरा.

- त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून ‘इग्नोरंट’ किंवा ‘अनएज्युकेटेड पोएट’ म्हणू नका. ‘ॲन ओरल पोएट’ म्हणा. त्यांची कविता तोंडून आली आणि इतरांनी टिपली. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपानं आली.
- लेवा गणबोलीला किंवा अहिराणीला ‘ब्रोकन मराठी’ म्हणू नका. ‘डायलेक्ट’ हा नेमका आणि सन्मानाचा शब्द आहे.
- त्यांच्या छोट्या, सुभाषितासारख्या ओळींसाठी ‘ॲफोरिस्टिक’ हा शब्द चपखल बसतो.
- ओवीला ‘साँग’ किंवा ‘स्टँझा’ म्हणून मोकळे होऊ नका. ‘ओवी’ हाच शब्द ठेवा आणि जात्यावर दळताना बायका गातात तो छंद, असं एका वाक्यात समजावून सांगा.

भाषांतर करून छापायचं असेल तर

भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. कवीच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्यासाठी प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात. म्हणून १९१८ मध्ये गेलेल्या बालकवींच्या आणि १९५२ च्या संग्रहातल्या बहिणाबाईंच्या कवितांचं भाषांतर मोकळेपणानं करता येतं. २०२३ मध्ये निधन झालेल्या ना. धों. महानोरांच्या किंवा हयात कवींच्या कवितांना मात्र हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. समीक्षेत चार ओळी उद्धृत करायला कायद्याची आडकाठी नाही, कवीचं नाव मात्र द्या.

सहा आठवड्यांचा सराव

1. आठवड्याला एक मराठी आणि एक इंग्रजी कविता निवडा. दोन्ही मोठ्यानं वाचा.
2. पहिल्या पायरीतल्या चार प्रश्नांची उत्तरं आधी मराठीत लिहा. विचार पक्का झाला की इंग्रजी सोपं जातं.
3. प्रत्येक कवितेतून दोनच संज्ञा निवडा आणि नाव, पुरावा, परिणाम अशा तीन इंग्रजी वाक्यांत मांडा.
4. ती वाक्यं घरात कुणाला तरी वाचून दाखवा. इंग्रजी न येणाऱ्या आजीला त्याचा मराठीत अर्थ सांगा. सांगता आला तर शब्द तुमचा झाला.

सहा आठवड्यांत बारा कविता आणि चोवीस संज्ञा होतात. एवढं भांडवल बारावीला पुरतं आणि बी.ए.ला पाया म्हणून चालतं. सुरुवात आज रात्रीच करा. खिडकीतून चिमणीचे लाल दिवे दिसत असतील तर त्यांच्यावर स्वतःच दोन ओळी लिहा आणि शेजारी इंग्रजीत एक वाक्य लिहा: मी कोणता शब्द निवडला आणि का. स्वतःच्या ओळीबद्दल हे लिहिता आलं, की चित्रे आणि नायडूंच्या ओळींबद्दल लिहितानाही हात अडखळणार नाही.